सकाळी सातची हजेरी

अहो,

त्या दुपारी जेवण झाल्यावर "पाच मिनिटं पडतो" म्हणालात आणि पडलात. तुमची पाच मिनिटं कधीच पाच मिनिटांची नसत, हे मला लग्नापासून ठाऊक, म्हणून मी उठवलं नाही. चारला चहा ठेवला तो दोघांचा. पुढे काय झालं ते तुम्ही सोडून सगळ्या धामणगाव बढेला माहीत आहे, ते पुन्हा लिहीत बसत नाही.

लिहायचं आहे ते वेगळंच. आपला एक वाद अर्धा राहिला. अकरा वर्षं रोज सकाळी सातला पाच कमी असताना तुम्ही रेडिओसमोरची खुर्ची अर्धी वळवायचात, स्वयंपाकघराकडे बघायचात आणि विचारायचात, "अवं, आज?" मी म्हणायचे, "उद्या. आज हात पिठाचे आहेत." मग तुम्ही खुर्ची सरळ करायचात आणि माइक उचलायचात. एवढाच वाद. परवाना असून मी त्या यंत्रावर का बोलत नाही, हा. तुम्ही गेलात आणि तो माझ्या एकटीच्या गळ्यात पडला.

हौशी रेडिओ म्हणजे काय हे मी आयुष्यभर बायकांना समजावत आले. गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे, यातून बोलता येतं. सरकारची परीक्षा असते, परवाना मिळतो, आणि ज्याला परवाना त्याला एक कॉलसाइन, म्हणजे हवेतलं नाव. घरावर तार ताणायची आणि जगात कोणी ऐकतंय का ते पाहायचं. शिवाय रोज सकाळी सातला विदर्भ-खानदेशातले वीस-पंचवीस जण एका जागी जमतात, आपापल्या घरात बसूनच. वाशिमचे देशमुख सर यादी वाचतात आणि ज्याचं नाव येईल त्यानं हजर म्हणायचं. उतारवयातली शाळाच ती. "मग त्यातून मिळतं काय?" असं बायका विचारायच्या. मी म्हणायचे, "हवामान. जपानचं."

जपानच्या त्या एका गृहस्थाशी तुम्ही तीस वर्षं बोलत होतात. त्याची तार किती उंच, तिचं तोंड कुठे, यंत्र कोणतं, बाहेर थंडी किती, सगळं तुम्हाला पाठ. त्याला लेकरं किती, बायको आहे की नाही, हे मी एकदा विचारलं तर तुम्ही गोंधळलात. "हे कसं इचारावं?" म्हणालात. तीस वर्षांत विचारता आलं नाही. मी असते तर तिसऱ्या वाक्याला विचारलं असतं. हेही मी बोलून दाखवलं, तेव्हा तुम्ही लगेच म्हणालात, "म्हनूनच तर म्हनतो, तू बोल."

लग्न होऊन दुसरबीडला आले तेव्हा तुम्ही वीज खात्यात नवे इंजिनिअर. क्वार्टरच्या अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत छान ताणलेली तार. पहिल्याच सकाळी मी तिच्यावर दोन ओल्या साड्या आणि तुमचा पायजमा वाळत घातला. तार दिसली, कपडे घातले, यात माझं काय चुकलं? तुम्ही ऑफिसातून आलात, तारेखाली उभे राहिलात. साड्या काढल्या, घड्या घातल्या, माझ्या हातात दिल्या आणि फार शांतपणे म्हणालात, "हे तार कपड्याची नोय."

"मग कशाची?"

"ऐकायची."

मला वाटलं, माझ्या बापानं चौकशी नीट केलेली दिसत नाही.

पण तुमचं इंजिनिअरिंग डिप्लोम्याच्या पुस्तकांतून कमी आणि त्या तारेतून जास्त आलं, हे मी त्याच दुसरबीडला पाहिलं. वैशाख होता. तुमच्या यंत्रातून चार दिवस तापल्या कढईत पाणी पडावं तसा चर्र आवाज येत होता. जपान नाही, सिलोन नाही, शेजारचं जालनासुद्धा नाही. तुमचं जेवण कमी झालं. मी काळजीनं विचारलं तर म्हणालात, "कुठीतरी खांबावर ठिनगी उडून राह्यली."

खात्याची रीत अशी, की वीज गेली की बिघाड शोधायचा. वीज चालू असताना बिघाड शोधत हिंडणारा साहेब दुसरबीडनं तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तुम्ही आणि तुमचा लाइनमन शेषराव, दोघं सायकली हातात धरून खांबामागून खांब चाललात. तुमच्या बगलेत आपला लहान ट्रान्झिस्टर, शेषरावकडे लाकडी मोगरी. तो खांबाला मोगरी हाणायचा, तुम्ही ट्रान्झिस्टर कानाशी धरून डोळे मिटायचात, मान हलवायचात, पुढे. शेतातली माणसं काम सोडून बांधावर आली. एकानं न राहवून विचारलंच, "शेषराव, सायेब खांबाले गाने काऊन ऐकवून राह्यले?"

शेषराव म्हणाला, "खांबाची तब्येत बरी नाई."

"मंग त्याले मारतं कायले?"

हे मला शेषरावनंच पुढे कितीदा तरी सांगितलं, आणि सांगताना दर वेळी एक प्रश्न वाढवला.

तिसऱ्या दिवशी बाजाराच्या मैदानाकडेच्या खांबाशी ट्रान्झिस्टर किंचाळला. तुम्ही वीज बंद करवलीत, शेषराव वर चढला. तारेखाली चिनी मातीचा जो टोपीसारखा तुकडा असतो, ज्याच्यामुळे तारेतली वीज खांबात उतरत नाही, तो केसाएवढा तडकला होता. खालून कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. खांब लोखंडी. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार, आणि दर बाजारी त्या खांबाला बैल बांधत, बैलांच्या आडोशाला माणसं भाकर खात बसत. शेषराव वरूनच म्हणाला, "सायेब, एक पाऊस पडाची देर होती, खांबात करंट उतरला असता."

तुम्ही घरी आलात. हातपायही न धुता खुर्चीत बसलात, कान लावलात, आणि तुमच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते मी नंतर आपल्या लग्नाच्या फोटोत शोधलं, सापडलं नाही. "आला," म्हणालात. मी म्हटलं, कोण आला, पाहुणे? म्हणालात, "जपान."

वरती तुम्ही लिहून पाठवलंत, "नियमित पाहणीत दोष आढळला." खरं लिहिलं असतं तर तुम्हालाच तपासायला पाठवलं असतं. वर्षभरात असे चौदा-पंधरा दोष तुम्हाला "नियमित पाहणीत" आढळले. साहेबांच्या साहेबांनी तुमचं कौतुक केलं आणि बक्षीस म्हणून डोणगावला बदली दिली, कारण तिथल्या लाइनची अवस्था सगळ्यांत वाईट होती. तिथेही तेच. जिथे तुमचं क्वार्टर, तिथे आजूबाजूला कोसभर एक ठिणगी शिल्लक राहायची नाही. लोक म्हणायचे, हे साहेब आले आणि वीज जाणं थांबलं. मी म्हणायचे, ही लोकसेवा नाही, जपानसेवा आहे. तुम्ही म्हणायचात, "दोनी एकच."

"एक कशी?"

"तार बरी असली तं दोघायलेही बरं."

हा वादही आपण कधी संपवला नाही. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी शेषराव आला, दोन बस बदलून, काठी टेकत. तुमच्या फोटोपुढे बराच वेळ बसला. मग डोळे पुसत म्हणाला, "सायबाले लोकायची लय कायजी होती, बाई." मी मान हलवली. फोटोकडे मात्र पाहिलं नाही, हसू आलं असतं.

आता त्या पोह्यांकडे येते. टाळून चालणार नाही, कारण मी का बोलत नाही याचं जे कारण मी जगाला सांगितलं ते हेच.

तुम्ही निवृत्त होऊन आपण धामणगावला राहायला आलो त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी सातची हजेरी चालू होती. तुमची मोठी बहीण, आक्का, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणाला म्हणून आली होती आणि आखाजी होऊन तीन आठवडे झाले होते. ती त्या वेळी देवळात गेलेली. मी तुमच्यासाठी पोह्यांची ताटली आणली. टेबलावर वह्या, तारा, पक्कड, जागा कुठे? जरा सपाट दिसलं तिथे ठेवली. ते सपाट म्हणजे तुमचा माइक होता. ताटलीच्या काठानं माइकचं बटण दाबलं गेलं आणि दाबलेलंच राहिलं. बटण दाबलं की आपण बोलतो आणि जग ऐकतं, सोडलं की जग बोलतं आणि आपण ऐकतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

यंत्र एकदम गप्प झालं. तुम्ही म्हणालात, "आयला, तार तुटली." आणि गच्चीवर गेलात. मी खिडकीशी उभी राहिले, टेबलाला लागून. तुम्ही वर, मी खाली, घरात तिसरं कोणी नाही. अशी सवड तीन आठवड्यांत प्रथमच मिळत होती. मी सुरुवात न्हाणीघराच्या कडीपासून केली. सहा महिने झाले कडी बसत नाही, घरात इंजिनिअर आहे आणि आंघोळीला बसलेला माणूस गाणं म्हणून आत असल्याचं कळवतो. मग आक्का. आक्काला माझ्या वरणात हिंग जास्त लागतो, आक्काला आमची गादी टोचते, आक्काच्या सुनेनं तिला इथे पाठवून किती दिवसांची सुटी काढली आहे ते एकदा विचारून घ्या. मग जपान. मग तुमची दाढी. तुम्ही वरून अधूनमधून "हाव, हाव" करत होतात आणि धडधाकट तार तपासत होतात.

सात मिनिटं झाली. पोहे गार व्हायला लागले म्हणून मी ताटली उचलली. यंत्रातून जळगावच्या पाटील भाऊजींचा आवाज आला, "वयनी, पयले कडी बसवून घ्या."

त्यांच्या मागोमाग खामगाव, अकोला, वाशिम. देशमुख सरांनी शांत करायचा प्रयत्न केला, पण सरांचाच आवाज हसण्यानं फुटत होता. मी ताटलीसकट स्वयंपाकघरात जाऊन बसले ते दुपारपर्यंत बाहेर आले नाही. कडी त्याच दिवशी बसली. ऐकणाऱ्यांत एक जण आक्काच्या गावचा निघाला. त्यानं इमानदारीनं सगळं तिच्या घरी पोचवलं आणि आक्का दोन वर्षं आपल्याकडे आली नाही. तुम्ही मला एका शब्दानं रागावला नाहीत. फक्त संध्याकाळी वही उघडून म्हणालात, "काही म्हन, तुहा सिग्नल लय भारी होता. अकोल्याले तं माहा कधी एवढा जात नाई." मी तेव्हाच शपथ घेतली, या यंत्रापुढे पुन्हा तोंड उघडणार नाही.

मग परीक्षा का दिली, असं तुम्ही विचारायचात. तो अपघात होता. परीक्षा आपल्या लेकानं, प्रशांतनं द्यावी अशी तुमची इच्छा. तो सुटीत घरी आला की तुम्ही त्याला पुस्तक घेऊन बसवायचात आणि प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे. तो बाहेर पळायचा, मी आणि पुस्तक उरायचो. विचारता विचारता मलाच उत्तरं पाठ झाली. मी बारावी सायन्स, पुढे लग्नामुळे राहिलं. भौतिकशास्त्राचं पुस्तक इतक्या वर्षांनी हातात आलं तर जुनी मैत्रीण भेटावी तसं झालं, आणि हे तुमच्यासमोर कबूल करायची माझी तयारी नव्हती. नागपूरला पेपर देऊन बाहेर आले तेव्हा तुम्ही झाडाखाली उभे होतात, परीक्षा तुमचीच असावी अशा चेहऱ्यानं. मला तुमच्याहून जास्त मार्क पडले. परतीच्या गाडीत तुम्ही डब्यातल्या प्रत्येकाला ते सांगितलंत, ज्यांना रेडिओ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं त्यांनासुद्धा. घरी येऊन दारावर तुमच्या कॉलसाइनखाली माझं रंगवलंत. वर्षानुवर्षं पोस्टमन त्याला घर नंबर समजत होता.

त्या दिवसापासून "अवं, आज?" सुरू झालं.

पोळ्या, पापड, गुडघा, एकादशी, आक्का येणार आहे, आक्का आली आहे. मी दर दिवशी नवं कारण काढलं. तुम्ही कधी चिडला नाहीत, कधी दोनदा विचारलं नाही. रोज एकदाच.

आणखी एक गोष्ट आता सांगून टाकते. तुम्ही आणि पाटील भाऊजी दुपारी मोर्सवर बोलायचात, टिकटिक भाषेत. इंग्रजी अक्षरं, मराठी गप्पा. तुम्हाला वाटायचं स्वयंपाकघरात मला नुसती टिकटिक ऐकू येते. अहो, चाळीस वर्षं रोज एकच टिकटिक कानावर पडली तर भिंतीलाही कळेल. "आज भरताले मीठ लय झालं," असं तुम्ही जळगावला कळवलंत ते मला फोडणी देता देता कळलं. दुसऱ्या दिवशी मीठ कमी. "वरन पातय हाये." दुसऱ्या दिवशी वरण घट्ट. तुम्ही एकदा भाऊजींना टिकटिकवलंत की बायकोला काही सांगायची गरज पडत नाही, तिचं तिलाच सुधरतं. मी त्या दिवशी मुद्दाम भाजी अळणी केली. तुम्ही मुकाट्यानं खाल्लीत आणि जळगावला काहीच कळवलं नाहीत, तेव्हा मला वाटलं की तुम्हाला संशय आला. आला होता का? हे आता कोणाला विचारू.

निवृत्तीनंतर तुमच्या हातातली लाइन गेली, कान मात्र राहिला. गावात घरोघरी ते स्वस्तातले एलईडी बल्ब आले आणि तुमच्या यंत्रात पुन्हा खरखर सुरू झाली. आता हुकूम कोणाला सोडणार? तुम्ही ट्रान्झिस्टर घेऊन गल्लीतून हिंडलात आणि कोणाच्या घरात कोणता बल्ब खराब बोलतो याची यादी केलीत. मग संक्रांत आली आणि माझ्या हळदीकुंकवाचं वाण तुम्ही ठरवलंत. त्या वर्षी गल्लीतल्या प्रत्येक बाईला मी तिळगुळासोबत एकेक चांगला बल्ब दिला आणि जुना परत मागून घेतला. शेजारच्या बोरसेकाकू म्हणाल्या, "माय वं, एवढा मोठा उखाना घेतला आन हाती काय, तं बल्ब." दुसऱ्या वर्षी मात्र पलीकडच्या गल्लीतल्या बायकाही आल्या. आपली गल्ली अजूनही उजेडाला सगळ्यांत चांगली आहे, आणि जपानच्या त्या गृहस्थाला याची कल्पना नाही.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला यंत्र कोणी लावलं, तर मीच. सवयीनं हात गेला. देशमुख सर यादी वाचत होते. तुमचं नाव आलं, सर थांबले. अर्धा मिनिट कोणी बोललं नाही. मग पुढचं नाव. असं रोज. तुमच्या लोकांत गेलेल्या माणसाला गेला म्हणत नाहीत, त्याची 'की' शांत झाली म्हणतात, म्हणजे ते मोर्सचं बटण. तुमची की शांत झाली हे मला मान्य आहे. तुम्ही शांत झालात यावर मात्र माझा विश्वास बसत नाही. त्या अर्ध्या मिनिटात त्यांना वाटत असेल की ते तुमच्यासाठी मौन पाळताहेत. मला तर वाटतं, त्यातल्या निम्म्यांना खरंच आशा होती की तुम्ही बोलाल. मलाही होती.

बाराव्या दिवशी देशमुख सर म्हणाले, "उद्या तेरावा. उद्यापर्यंत नाव घेऊ. परवापासून..." आणि तिथेच अडले. पण मला कळलं. परवापासून यादीत धामणगाव नाही. प्रशांत चहा घेऊन शेजारी उभा होता. म्हणाला, "आई, जळगावचे काका सेट घ्यायला तयार आहेत. इथे आता बोलणारं कोणी नाही ना. देऊन टाकू?" फार समजूतदारपणे म्हणाला, तुमच्यासारखा. मी म्हटलं, उद्या सांगते.

तेराव्याच्या सकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. अंगणात चुली पेटलेल्या, आचाऱ्याला कढई हवी, भटजींना पळसाची पानं. रेडिओच्या खोलीत आक्का पाय पसरून डाळ निवडत बसली होती, कारण तिथे पंखा आहे. सातला पाच कमी असताना मी आत गेले. माझे हात पिठाचे होते, ते पदराला पुसले. तुमच्या खुर्चीत बसले. खुर्ची तुमच्या मापानं खोलगट झाली आहे, मला टेबल उंच लागलं. आक्का चष्म्यावरून पाहत होती. म्हणाली, "बोल वं. मी कान झाकतो लागीन तं." आणि डाळीचं सूप मांडीवर ठेवून तिनं खरंच कान झाकले.

तुमचं नाव आलं. सर थांबले. मी बटण दाबलं.

तुम्हाला सांगते, तोंड उघडलं आणि माझं हवेतलं नाव मलाच आठवेना. रोज दारावर वाचते ते. दाराकडे मान वळवून पाहिलं, तर दार उघडं आणि रंगवलेली अक्षरं पलीकडच्या बाजूला. आक्का कान झाकल्या झाकल्या म्हणाली, "काय झालं वं?" आणि तेही सगळ्या विदर्भानं ऐकलं. मग मी डोळे मिटून, अक्षर अक्षर, पुस्तकात शिकवलं होतं तसं म्हटलं. बटण सोडलं.

आणि एकदम सगळे बोलले. अनेक जण एकाच वेळी बोलले की यंत्रातून नुसती शीळ येते, एक शब्द कळत नाही. एकाच नावाला इतक्या जणांनी साद घालावी, हे तुम्हा लोकांचं केवढं मोठं स्वप्न असतं ते मला माहीत आहे. तुम्हाला ते चाळीस वर्षांत जमलं नव्हतं. मला पहिल्या वाक्यात जमलं. हे मी जरा मिरवण्यासाठीच लिहिते आहे.

सरांनी सगळ्यांना थांबवलं. म्हणाले, "वयनी, काही सांगायचं हाये?"

मी रात्रभर मनात चार ओळी जुळवल्या होत्या, आभाराच्या, तुमच्याबद्दलच्या. त्या कुठे गेल्या कोण जाणे. मी म्हटलं, "आज तेराव्याचं जेवन हाये. ज्याले जमन त्यानं येजा. आन सर, आमच्या ह्यायचं नाव आता काढा. त्याच जागी माहं लिहा. जागा खाली नका ठेवू."

सर "हाव" म्हणाले, आणि यादी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.

मग एकेक जण आला, शिस्तीत, यादीप्रमाणे. कोणी दुःखाचं एक वाक्य बोललं नाही. प्रत्येकानं माझा सिग्नल कसा येतो तेवढंच सांगितलं. पाच-नऊ, वयनी. पाच-नऊ म्हणजे अगदी स्वच्छ. पाच-नऊ. पाच-नऊ. एकानं तर स्वतःच्या तारेची उंचीही सांगितली. मला एरवी या माणसांचा राग यायचा, मनातलं सोडून सगळं बोलतात म्हणून. त्या दिवशी कळलं की हेच त्यांचं मनातलं. पाटील भाऊजींचा आवाज मधेमधे तुटत होता. सिग्नल तुटत होता की तेच, ते मी विचारलं नाही. दुपारी पंगतीला सतरा अनोळखी माणसं आली, सगळ्यांनी दारावरच्या दोन्ही कॉलसाइनचे फोटो काढले, आणि जाताना तिघांनी न्हाणीघराची कडी पाहून घेतली.

प्रशांतनं पुन्हा सेटचं विचारलं नाही.

आता खरं कारण. ते तिथे बोलता आलं नसतं, सगळे ऐकत होते. पोह्यांची लाज दोन महिन्यांत संपली होती हो. मला बोलायची भीतीही नव्हती. पण तुमच्या वह्या मी पाहत आले होते. जगभरचे लोक त्यांत एकेका ओळीत बसले होते. एकदा बोलणं झालं, ओळ लिहिली, की तुम्ही पुढच्या माणसाकडे. मी बोलले असते तर मीही त्या वहीत एक ओळ झाले असते आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही खुर्ची वळवली नसती.

माझ्या लग्नाचं मला कोणी विचारलं नव्हतं. बदली झाली की सामान बांधलं, तेही कोणी विचारलं नव्हतं, तुम्हीसुद्धा. तुम्ही वाईट नव्हतात, तेव्हा तशी पद्धतच नव्हती. आणि मग म्हातारपणी कोणीतरी रोज सकाळी खुर्ची वळवून मला विचारत होतं, आज करशील का, आणि माझ्या "नाही"वर हसून उद्या पुन्हा विचारत होतं. मला ते फार आवडत होतं. मी "उद्या" म्हणायचे तो नकार नव्हता. उद्याही विचारा, एवढंच त्यात होतं. तुम्हाला ते कधी कळलं का, माहीत नाही. मी सांगायला हवं होतं.

आज चौदावा दिवस. सातला पाच कमी होते. मी परात बाजूला केली, हात धुतले आणि जाऊन खुर्चीत बसले. कोणी विचारलं नव्हतं.